हँडल धरणारं भूत

रविवारी सकाळी साडेआठ वाजता दिंडोशीच्या आमच्या वसाहतीमागच्या चढावर साठेक मोटरसायकली रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे साठेक मालक डोळे गच्च मिटून उभे होते. डोळे उघडे ठेवील त्याच्या हँडलावर भूत उडी मारतं, असं हँडलबाबांनी सांगून ठेवलं होतं. मी डोळे उघडे ठेवले होते. माझ्याकडे मोटरसायकल नव्हती, आणि ते भूत म्हणजे माझा धाकटा भाऊ सौरभ होता.

म्हणजे लोकांच्या मते होता. चढाच्या पायथ्याशी सिग्नल आहे. सिग्नल सुटला की मोटरसायकलवाले पूर्ण रेस देऊन चढ घेतात. अर्ध्या चढावर रस्त्यात आडवा चर आहे. केबल टाकायला कुणीतरी खणला आणि पेव्हर ब्लॉक कसेबसे बसवून निघून गेला. त्या चरावरून चाक गेलं की काही गाड्यांचं हँडल आपोआप डावी-उजवीकडे फडफडायला लागतं. हाताला आवरत नाही, दात वाजतात. आठ महिन्यांपूर्वी, मार्च महिन्यात, सकाळी सात वाजता, सौरभ तिथेच गाडीवरून पडून गेला. तेव्हापासून तो तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचं हँडल धरतो, असं ठरलं. कुणी ठरवलं हे विचारलं की लोक बाबांकडे बोट दाखवत.

बाबांचं बस्तान रीतसर बसलं होतं. आधी फुटपाथवर एक दगड आला. मग दगडाला शेंदूर आला, शेंदरावर पत्रा आला आणि दिवाळीनंतर पत्र्याखाली फरशीही आली. बाबा पैसे घेत नसत. त्यांना जागा पुरत होती. मुंबईत जागा मिळाल्यावर माणसाला आणखी काय लागतं म्हणा.

"गाडीला चाकं दोन, माणसाला पाय दोन!" कॉलरला लावलेल्या माइकवरून बाबा ओरडत होते. "पण भुताचे पाय उलटे! म्हणून ते पुढच्या चाकाला धरतं! आता तुम्ही म्हणाल, बाबा, माझी गाडी नवी आहे, डिस्क ब्रेक आहे. अरे, डिस्क ब्रेक गाडीला. भुताला कोण ब्रेक लावणार?"

"बाबाच!" रांग म्हणाली.

जीन्सवर भगवा सदरा घातलेला हा पन्नाशीचा माणूस. बोटं मात्र जाड आणि नखांच्या कडा काळ्या. ती बोटं मी तेव्हाच नीट पाहायला हवी होती.

पहिला नंबर डिलिव्हरीचं काम करणाऱ्या एका तरुणाचा होता. त्याने आधी गाडी चढावर घालून दाखवली. मागे ही मोठी चौकोनी बॅग. चरावर हँडल असं फडफडलं की रांगेतल्या बायका किंचाळल्या. मग गाडी बाबांपुढे मेन स्टँडवर लावली गेली. पुढच्या भागावर, हँडलसकट, तांबडं कापड पडलं. बाबा गाडीसमोर पाटावर बसले, दोन्ही हात कापडाखाली घातले, तोंड वर आभाळाकडे. भुताची धग फक्त त्यांच्याच हातांना सोसते म्हणे. बाजूला एक माणूस घंटा घेऊन उभा. सगळ्यांनी डोळे मिटले आणि बाबांनी गाऱ्हाणं घातलं.

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. देवापुढे गावकरी उभे राहतात, मानकरी, म्हणजे गावकार, सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून 'व्हय महाराजा' म्हणतात. आमच्या वसाहतीत निम्मी घरं गिरणीतून बाहेर पडलेल्या कोकणी माणसांची. गाऱ्हाणं कानावर पडलं की त्यांचं तोंड आपोआप उघडतं.

"बा देवा महाराजा, ह्या लेकरान गाडी तुझ्या पायाकडे आणली हा रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आणि घंटेचा दणदणाट.

"तेच्या हँडलाक जो कोण धरून ऱ्हवलो हा, तेका बारा कोस लांब ने रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

अशी पाच मिनिटं. मग कापड निघालं, हँडलला काळा दोरा बांधला गेला आणि तरुण पुन्हा सिग्नलपासून पूर्ण रेस देत चढला. चर आला. हँडल हललं नाही.

लोकांनी टाळ्या पिटल्या. मला ते पचवणं जड गेलं, कारण ते खोटं नव्हतं. गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुधारली होती. मी सहदेव परब, वीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. बंद कापडाखाली, मंत्राने, पाच मिनिटांत गाडी कशी सुधारते, हे मला सांगता येत नव्हतं.

मग बाबांनी माझ्या आईला पुढे बोलावलं. दर रविवारी बोलावत. "या, नलिनीताई. आईचं तो ऐकेल." तिच्या हातात दुसरा माइक दिला. सदुसष्ट वर्षांची माझी आई त्या चराकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "सौरभ, सोड रे बाबा त्यांका. त्यांचीव घरा असत." लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. मला काही होतच नव्हतं.

हे सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्यात ते आहे. सौरभ गेला त्या दिवसापासून मला काही होत नाही. बाराव्यानंतर मी वर्गावर गेलो आणि क्लच प्लेटचा धडा जिथे राहिला होता तिथून पुढे घेतला. मुलं माझ्याकडे बघत होती. जेवतो, झोपतो. कुणी सौरभचं नाव घेतलं की कुठेही असलो तरी कानात घरातल्या पंख्याचा आवाज तेवढा येतो. त्याची मोडलेली गाडी पोलीस चौकीतून सुटून आली तेव्हा मी तिच्यावर निळं कव्हर घातलं, आणि इमारतीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या गाडीचं कव्हर आठ महिन्यांत एकदाही उचललं नाही.

सौरभ अंधेरीला एका स्टुडिओत लाइटचं काम करायचा. जानेवारीत तो मला म्हणाला होता, "दादा, रेस दिली की गाडी हँडल मारते रे. बघ ना जरा." मी म्हटलं, रविवारी बघू. पुढच्या रविवारी मला पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी मी झोपलो होतो. तिसऱ्या रविवारी त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा 'बघू' म्हटलं. चौथ्या रविवारी त्याने विचारलं नाही. मला वाटलं, विसरला.

त्या दिवशी चढावरून घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "आई, पुढच्या रविवारी जाऊ नकोस."

"कित्याक?"

"तमाशा चाललाय त्याचा. आणि भूत असेल, तर फक्त चढणाऱ्यालाच का धरतं? उतरणाऱ्याला का नाही? रिक्षाला का नाही? सौरभला काय रिक्षाची भीती वाटते?"

आई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "तू मेकॅनिकांचो मास्तर ना? मगे गाडी बरी कशी होता, ता सांग."

मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"सांगूक येना नाय, मगे बोला नको," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "माका ठावक असा लोक काय बघतत. पण रविवारी माका त्येच्याशी बोलाक गावता. तू घरात त्येचा नावसुद्धा घेणस नाय."

हे खरं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. बाहेर आलो तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटत होती, "गाऱ्हाणा मात्र त्येका घालूक येना नाय."

"काय?"

"तो बाबा. तुझो आजो गावकार व्हतो, त्येचा गाऱ्हाणा मी आयकलंय. लोकांचा 'व्हय महाराजा' संपूच्या आधी फुडला वाक्य चालू व्हयत होता. गाऱ्हाणा घालणारो ताठ उभो ऱ्हवता, मधी थांबणा नाय. माझेव डोळे उघडेच असतत. ह्यो दर वाक्याक थांबता, नि थांबलो काय वाकता. लोक ओरडूक लागले काय खाली वाकता, गप झाले काय वर येता. त्येका कोणी शिकवलाच नाय."

मी ग्लास खाली ठेवला. माझ्यासाठी ते नुसतं ओरडणं होतं. तिच्यासाठी त्यात चूक होती.

लोक ओरडत असताना हा माणूस काय करतो? घंटा नेमकी तेव्हाच का वाजते? जे काम ऐकू यायला नको, ते काम असा माणूस गोंगाटातच उरकणार. आणि मोटरसायकलच्या हँडलाखाली हातोडी मारण्याजोगं एकच काम असतं.

शनिवारी सकाळी मी हर्षदला खाली बोलावलं. हर्षद आमच्याच मजल्यावरचा, सौरभचा लहानपणापासूनचा मित्र. त्याची गाडी बाबांनी दिवाळीच्या आधी 'सोडवली' होती.

"मेन स्टँडवर लाव," मी म्हटलं. "आता मागे दाब. पुढचं चाक उचललं पाहिजे."

तो दाबून उभा राहिला. मी पुढे बसलो आणि चाकाच्या दोन बाजूंचे दोन्ही दांडे, म्हणजे फोर्क, धरून मागे-पुढे हलवले.

टक. टक.

"हे काय वाजतंय?" हर्षदने विचारलं.

"तुझं भूत."

मी हँडलाच्या प्लेटखाली वाकून बघितलं. तिथे खाचांची एक गोल चकती असते. हँडल ज्या दांड्यावर फिरतं, त्या दांड्याच्या वर-खाली वाट्या असतात, वाट्यांत गोळ्या असतात. याला कोनसेट म्हणतात. ती चकती कोनसेट आवळून धरते. नीट आवळायची तर तिला वेगळा पाना मिळतो. ज्याच्याकडे तो नसतो, किंवा ज्याला घाई असते, तो खाचेला छिन्नी लावून हातोडीने ठोकतो. हर्षदच्या गाडीच्या चकतीवर छिन्नीचे ताजे, चकचकीत घाव होते. खाचा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"कुठल्या मेकॅनिककडे नेली होतीस?"

"कुठेच नाही, दादा. फक्त बाबांकडे. आणि आता परत थोडं थोडं हलायला लागलंय. बाबा म्हणालेच होते, भूत हट्टी आहे, दर अमावास्येला आणायची."

"अमावास्येला चकती ढिली होते होय! अरे, ह्या वाट्या संपल्यात. गोळ्यांनी आत खड्डे पाडलेत. नुसतं आवळून महिनाभर निभतं, मग पुन्हा ढिलं, आणि प्रत्येक वेळी खड्डे आणखी खोल."

हर्षदने गाडीवरचा दाब सोडला. त्याचा चेहरा पडला होता, आणि तो माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या निळ्या कव्हरकडे बघत होता. खाई त्याला खवखवे.

"काय?" मी म्हटलं.

"दादा, सौरभची गाडी... मीच घेऊन गेलो होतो बाबांकडे. जानेवारीच्या शेवटी. तेव्हा त्या चढावर मुंजा आहे म्हणायचे ना. सौरभ हसत होता रे. म्हणाला, दादाला वेळ नाही, चल तुझ्या मुंजाला दाखवू. आणि झाली ना गाडी झकास! एक महिना काहीच नाही. मग तो..." तो थांबला. "मग बाबा म्हणाले, मुंजा सुटला, आता त्या जागी सौरभ आहे. मी कुणाला बोललो नाही. मला भीती वाटली."

मी उठलो आणि कव्हर ओढून काढलं. पुढचा भाग चेपून आत गेला होता, पावसाळ्याने सगळं गंजवलं होतं. हँडलाखाली काळा दोरा होता. चकतीवर छिन्नीचे घाव होते, तेही गंजलेले.

चौथ्या रविवारी तो विसरला नव्हता. त्याची गाडी बरी झाली होती. म्हणून त्याने मला विचारलं नाही.

हर्षद रडत होता.  मी एवढंच म्हटलं, "तू नेलीस तरी. मी तेवढंही केलं नाही."

मागे आई उभी होती. भाजीची पिशवी हातात, किती वेळची उभी होती कुणास ठाऊक. तिने पिशवी ठेवली आणि हर्षदच्या गाडीपुढे गुडघे धरत बसली. "कसा करतंस ता दाखय."

मी तिचे हात दोन्ही फोर्कवर ठेवले. हर्षदने डोळे पुसत मागे दाबलं. आईने ओढलं, ढकललं.

टक. टक.

तिने पुन्हा केलं. पुन्हा. मग वर बघून विचारलं, "ह्यो काय तो?"

"हाच, आई."

ती उठली. पिशवी उचलून वर गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी मनात भाषण तयार केलं होतं. वीस वर्षं शिकवल्यावर माणसाला वाटतं, नीट समजावलं की लोकांना पटतं. आई नेहमीसारखी निघाली. मी म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, "माझो माइक असा थय."

चढावर नेहमीचीच रांग. पहिली गाडी लागली, तांबडं कापड पडलं, बाबांचे हात आत गेले. आईला आज त्यांनी आधीच माइक देऊन जवळ उभं केलं होतं, गर्दी जास्त होती म्हणून. सगळ्यांनी डोळे मिटले.

"बा देवा महाराजा, बारा वेशींच्या महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या गाडयेक जा काय लागला असात, ता दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि हँडलाक धरून ऱ्हवलेल्या त्या सौरभाक..."

आईने माइक तोंडाशी धरला.

"बारा कोस लांब ने रे महाराजा!"

"गप ऱ्हवा रे सगळे!"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला हाकलून दिलं असतं. पण ही भुताची आई होती. साठ तोंडं उघडलेली तशीच राहिली. घंटावाल्याचा हात वरच थांबला. बाबांचा हात मात्र सवयीचा होता, तो खाली पडलाच.

टण.

आणि कॉलरचा माइक वाकलेल्या बाबांबरोबर हँडलाशी गेलेला असल्याने तो आवाज दोन्ही स्पीकरांतून अख्ख्या चढावर गेला. मग अर्धवट आणखी एक, टण्. मग काहीच नाही.

अशी शांतता झाली की माणूस आधी डोळे उघडतो. सगळ्यांनी उघडले. मी पुढे होऊन कापड उचललं. बाबांच्या डाव्या हातात छिन्नी होती, उजव्या हातात आखूड दांड्याची हातोडी, मांडीवर पाना.

"ही... ही लोहविद्या आहे," बाबा म्हणाले. "लोखंडाला भूत घाबरतं."

"घाबरत असेल," मी म्हटलं. "पण मग कापड कशाला?"

माझं भाषण मी विसरलो होतो. मी फक्त त्या तरुणाला मागे दाबायला सांगितलं आणि फोर्क हलवून दाखवले. मग म्हटलं, आपापल्या गाड्या मेन स्टँडवर घ्या आणि करून बघा. हळूहळू रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज यायला लागला. टक टक. टक टक. काही गाड्यांचा नव्हता. ज्यांचा नव्हता ते जरा हिरमुसलेही.

"रेस दिली की गाडीचं वजन मागे जातं," मी सांगितलं. "चढावर आणखी मागे. मागे बॅग असेल तर आणखी. पुढचं चाक हलकं होतं, रस्त्यावर नुसतं टेकलेलं राहतं. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक फडफडतं ना, तसं ते फडफडायला बघतं. कोनसेट नीट असेल तर दोन हेलकाव्यांत थांबतं. ढिला असेल तर थांबत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, टायर उंचसखल झिजलेला असेल, तरी हेच. फडफड सुरू करायला एक धक्का लागतो, तो हा चर देतो. सिग्नल, चढ आणि चर. ह्या चढावर एवढंच आहे. उतरताना तुम्ही रेस देत नाही, म्हणून भूत धरत नाही. रिक्षा तीन चाकांवर उभी असते, ती अशी फडफडत नाही."

एक गृहस्थ पुढे आले. "पण मास्तर, काही म्हणा, गाडी बरी तर होते ना? मग बाबांनी केली काय नि मेकॅनिकने केली काय!"

मी बाबांकडे बघितलं. "तुम्ही मेकॅनिकच ना?"

त्यांनी माइक काढून ठेवला. आवाज एकदम साधा झाला. "गोराईला गॅरेज होतं, मास्तर. दादू गॅरेज. दहा वर्षं. गिऱ्हाइकाला म्हणायचो, वाटी संपलीय, कोनसेट बदल. म्हणायचे, नको रे, नुसतं टाइट कर. तेच नुसतं टाइट बाबा होऊन केलं, तर रांग लागली. मी कुणाचं वाईट केलं?"

यातलं पहिलं सगळं खरं होतं. शेवटचं वाक्य नव्हतं.

"माझ्या भावाचं," मी म्हटलं. "मेकॅनिक म्हणून ठोकलं असतंस तर सांगितलं असतंस, हे महिनाभर टिकेल, वाटी बदल. बाबा म्हणून ठोकलंस आणि सांगितलंस, भूत गेलं. ज्याची गाडी बरी झाली तो पुन्हा कशाला दाखवील? त्याने दाखवली नाही. आणि मग त्यालाच तू भूत केलंस."

माझा आवाज चढला नाही. वर्गात हजेरी घेतो तसाच निघाला. बाबा, म्हणजे दादू, छिन्नी खाली ठेवू लागला. दोन-चार जण त्याच्या अंगावर धावून गेले. ज्यांनी परवापर्यंत त्याचे पाय धरले होते, तेच. मी आणि हर्षद मध्ये पडलो. मारून काही कळत नाही, फक्त हात दुखतात. पोलिसांना फोन केला, त्यांनी दादूला आणि छिन्नीला नेलं.

गर्दी मात्र हलत नव्हती. सगळे आईकडे बघत होते. दर रविवारी ती चराकडे तोंड करून बोलायची, ते अजून झालं नव्हतं. तिच्या हातात माइक होता. तिने चराकडे बघितलं.  मग माइक पाटावर ठेवला आणि मला म्हणाली, "चल."

फाटकापाशी रिक्षातून उतरताना तिने माझा दंड धरला. "म्हणजे तो थय नव्हतो."

"नाही."

"मी आठ महिने रस्त्याशी बोलत व्हतंय."

 मीच तिला फोर्क धरायला दिला होता.

"मगे खय असा तो?" तिने विचारलं. "खयच नाय?"

"खयच नाय, आई," मी म्हटलं.

ती तिथेच, इमारतीच्या फाटकात, मोठ्याने रडली. मार्चमध्येही अशी रडली नव्हती. मी तिला धरून उभा होतो. तिचा रविवार मी काढून घेतला होता आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. भूत का होईना, मुलगा होता तिचा. मला तेव्हाही रडू आलं नाही. पण या वेळी पंख्याचा आवाज ऐकू आला नाही, तिचं रडणं ऐकू आलं.

आता दर रविवारी सकाळी मी आमच्या इमारतीखाली सतरंजी टाकून बसतो. गाडी आणा, मी बघतो. पहिली हर्षदची आली. तिचा कोनसेट नवीन बसवला, ग्रीस भरलं, योग्य पान्याने आवळला. हँडल आपल्या वजनाने डावीकडे-उजवीकडे सहज पडेल, पण फोर्क वाजणार नाही, इतपतच. असे तीन रविवार झाले आहेत. आई खुर्ची टाकून बाजूला बसते. कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधून आला तर ती म्हणते, "ता ऱ्हवांदे. आधी पुढचा चाक उचलून बघ."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपण म्हणतो आणि भित्र्याला हसतो. भीतीला मी हसणार नाही. अशा हँडलाला कुणीही घाबरेल. पण घाबरल्यावर डोळे मिटा असं जो सांगेल, त्याच्यासमोर ते उघडे ठेवा. कापडाखाली काय आहे ते विचारा. गोंगाट कशासाठी चाललाय ते विचारा. चमत्काराने गाडी बरी झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी ती मेकॅनिकला दाखवा.

आणि तुमच्या घरात कुणी म्हणालं, 'दादा, गाडी हँडल मारते, बघ ना जरा,' तर हातातलं ठेवा आणि खाली जा. दहा मिनिटं लागतात. मी मोजली आहेत.